डुलकीची शिक्षा

पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यात २६ ऑगस्ट १९८३ रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी एक मदतनीस कामगार आपल्या कामाच्या जागीच लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला आढळला. त्याच्यावर दोषारोपपत्र बजावले गेले, रीतसर चौकशी झाली, आरोप सिद्ध ठरला आणि त्याला बडतर्फ करण्यात आले. कामगार न्यायालयाने ही शिक्षा अवाजवी ठरवून त्याला पुन्हा कामावर घ्यायला सांगितले. मग प्रकरण एकेक पायरी वर चढत गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये बडतर्फी योग्य ठरवली. एका डुलकीचा हिशेब लागायला एकवीस वर्षे आणि वर काही महिने लागले.

त्याआधी सात वर्षे, फेब्रुवारी १९९८ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयापुढे दुसरे एक झोपेचेच प्रकरण आले होते. ते होते ठाण्याच्या कलर-केम कंपनीतले. रात्रपाळीत यंत्र चालू असताना कामगार झोपलेले सापडले, चौकशी झाली, आरोप सिद्ध झाला, बडतर्फी झाली. इथपर्यंत सगळे सारखेच. पण या वेळी न्यायालय म्हणाले की ही शिक्षा मनाला धक्का बसावा इतकी जबर आहे. बडतर्फी टिकली नाही.

दोन्ही प्रकरणे महाराष्ट्रातली आणि एकाच कायद्याखालची. झोप लागली होती हे दोन्हीकडे सिद्ध झालेले. मग निकाल वेगळे का? कायद्याच्या अभ्यासकांनी या दोन निकालपत्रांची पुष्कळ चिरफाड केली आहे. मला मात्र ती शेजारी ठेवून वाचाविशी वाटतात ती भिवंडीमुळे. या गावात रात्रभर लूम चालतात, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असतात आणि पहाटे तीनला डोळा लागणे ही काही बातमी नसते. कामावरून काढण्याची रीतही इथे फार छोटी आहे. पंधरवड्याच्या शेवटी शेठ किंवा त्याचा मेहता सांगतो, ‘हिसाब ले लो, कल से मत आना.’ कागदाचा कपटासुद्धा हातात पडत नाही. अशा गावात ‘बडतर्फी न्याय्य होती का’ हा प्रश्न विचारायचा तर तो कसा विचारायचा, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी मोठ्या कारखान्यातली चौकट पाहू, कारण न्यायालयांनी सगळे निकष तिथेच घडवले. गैरवर्तणुकीसाठी कामगाराला काढायचे तर मालकाने आधी चौकशी करायची, असा दंडक आहे. ही चौकशी मोठी चमत्कारिक असते. फिर्यादी मालक, चौकशी अधिकारी मालकाने नेमलेला, शिक्षा देणाराही मालकच. घरच्याच पंचायतीत घरच्याच माणसावर खटला. म्हणूनच या पंचायतीला न्यायालयांनी काही किमान शिस्त लावून दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये मीनग्लास चहामळ्याच्या प्रकरणात आणि त्याच वर्षी असोसिएटेड सिमेंटच्या प्रकरणात ती स्पष्ट केली. आरोप नेमका काय आहे ते आधी लेखी सांगायचे. साक्षीदार कामगारासमोर तपासायचे आणि त्यांची उलटतपासणी त्याला करू द्यायची. ज्याने प्रसंग स्वतः पाहिला आणि जो साक्षीदार होऊ शकतो, त्याने न्यायाधीश होऊन बसायचे नाही. आणि ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: सुरुवातच कामगाराला प्रश्नांच्या फैरी झाडून करायची नाही. आरोप करणाऱ्याने आधी आपला पुरावा मांडायचा, मग कामगाराने बोलायचे. ‘तू झोपला होतास की नाही, बोल’ अशी चौकशी सुरू झाली की ती चौकशी उरत नाही, ती कबुली काढणे होते.

फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा मात्र इथे लागत नाही. शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहिले जाते. १९७७ च्या रतन सिंग प्रकरणात एका बसवाहकाने प्रवाशांकडून पैसे घेऊन तिकिटे दिली नाहीत असा आरोप होता. त्या प्रवाशांना कोणी साक्षीला आणले नाही, तरी तपासनिसाच्या साक्षीवर दोष टिकला. त्यामुळे ‘मला कोणी झोपलेले पाहिले? शेजारच्या लूमवाल्याला बोलवा’ हा युक्तिवाद ऐकायला जोरदार वाटला तरी दर वेळी तारून नेतोच असे नाही.

मग न्यायालय नेमके पाहते तरी काय? १९५८ साली इंडियन आयर्न अँड स्टीलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की शिस्त राखणे हा व्यवस्थापनाचा अधिकार आहे आणि न्यायाधिकरण हे काही अपिलाचे न्यायालय नाही. त्याने हात घालायचा तो चारच वेळा: मालकाचा हेतू शुद्ध नसेल, डूख धरून किंवा अनुचित प्रथेने कामगाराचा बळी घेतला असेल, चौकशीत मूलभूत चूक झाली असेल किंवा नैसर्गिक न्यायाची पायमल्ली झाली असेल, किंवा निष्कर्ष पुराव्याशी अगदीच विसंगत असेल. शिक्षा किती, हा प्रश्न जवळजवळ मालकाच्याच पदरात राहिला. डुलकीसाठी नोकरी घालवणे न्यायाधीशाला पटत नसले तरी चौकशी नीट झाली असेल तर त्याचे हात बांधलेले.

हे हात १९७१ मध्ये सुटले. औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम आले आणि त्या वर्षाच्या १५ डिसेंबरपासून लागू झाले. आता कामगार न्यायालय पुरावा स्वतः पुन्हा तोलू शकते आणि दोष सिद्ध असला तरी बडतर्फीऐवजी हलकी शिक्षा देऊ शकते. फायरस्टोन टायरच्या निकालाने १९७३ मध्ये या कलमाचा अर्थ मोकळेपणाने लावला. योगायोग असा की त्याच १९७१ सालचा एक कायदा महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम. तो प्रत्यक्ष अंमलात आला सप्टेंबर १९७५ मध्ये. आपल्या दोन्ही झोपाळू प्रकरणांचा उगम याच कायद्यात आहे.

या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिलीच बाब बडतर्फीची आहे. मी ती जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला तिच्यात कारखान्याच्या फाटकावरचे जग दिसते. तिथे सात पोटकलमे आहेत. डूख धरून काढणे. अधिकाराचे केवळ सोंग घेऊन काढणे. खोट्या पुराव्यावर फौजदारी प्रकरणात गोवून काढणे. उघड खोट्या कारणांसाठी काढणे. बिनरजेच्या गैरहजेरीचा बनाव रचून काढणे. चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाई करून काढणे. आणि सातवे म्हणजे किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तणुकीसाठी, तिचे स्वरूप आणि कामगाराची मागची नोकरी न पाहता, धक्कादायक वाटावी अशी शिक्षा देणे. ज्याने हा मसुदा केला त्याने नोकरीवरून काढण्याच्या तऱ्हा जवळून पाहिल्या असाव्यात.

कलर-केममध्ये खरी गंमत इथे झाली. कामगारांचा पहिला आधार सातव्या पोटकलमाचा असणार असे कोणालाही वाटेल. पण न्यायालय म्हणाले, चालू यंत्र सोडून झोपणे हा किरकोळ किंवा तांत्रिक दोष नव्हे, तेव्हा सातवे पोटकलम लागत नाही. मग त्याने पहिल्याकडे मोर्चा वळवला. डूख धरणे दोन प्रकारचे असते. एक प्रत्यक्ष, म्हणजे कामगार संघटनेत गेला म्हणून मालकाने दुसरे निमित्त शोधून त्याला उडवले. दुसरे कायद्याच्या नजरेतले. कोणताही समजूतदार मालक देणार नाही अशी शिक्षा दिली, तर त्या शिक्षेच्या आकारातूनच डूख दिसते, वेगळा पुरावा नको. म्हणजे शिक्षाच साक्षीदार झाली. हा युक्तिवाद मला फार आवडतो, पण त्याची निसरडी बाजूही दिसते. ‘समजूतदार मालक’ कोण, हे शेवटी न्यायाधीशाच्या मनावर राहते.

भारत फोर्जच्या खंडपीठाने ही निसरडी बाजूच पकडली. डूख असेल तर कामगाराने तसे म्हणायला हवे आणि दाखवायला हवे. नुसत्या सहानुभूतीवर शिक्षा बदलता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. शिवाय या कामगाराला आधीही तीनदा गैरवर्तणुकीसाठी सौम्य शिक्षा झाल्या होत्या. सातवे पोटकलम मागची नोकरी पाहायला सांगते खरे, पण मागची नोकरी दोन्हीकडून बोलते. एरवी स्वच्छ असलेल्या माणसाला ती वाचवते, आणि ज्याला आधी सोडून दिले त्याला बुडवते. इथे एक पथ्य मात्र आहे: मागच्या शिक्षांच्या जोरावर शिक्षा वाढवायची असेल तर ते कामगाराला आधी सांगून त्यावर त्याचे म्हणणे घ्यायला हवे. कितीतरी प्रकरणांत जुनी फाइल न्यायालयात गेल्यावरच उघडते.

दोन निकालांतला फरक केवळ वस्तुस्थितीचा, असे मला वाटत नाही. काळही बदलला होता. शिवीगाळीची प्रकरणे पाहा. १९८२ मध्ये रमाकांत मिश्रा आणि १९८४ मध्ये डेल्टन केबलच्या प्रकरणात वरिष्ठाशी शिवराळ बोलल्याबद्दलची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने जास्त ठरवली. २००५ मध्ये, भारत फोर्जनंतर सुमारे महिन्याभराने, महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात अशाच शिवीगाळीसाठी बडतर्फी कायम झाली. शब्द जवळजवळ तेच. ऐकणारे कान बदलले. पहाटेच्या झोपेबद्दल आणि सकाळी पावणेबाराच्या झोपेबद्दल न्यायालयाने वेगवेगळा विचार केला असता तर मला ते जास्त पटले असते. रात्रपाळीत शरीर माणसाच्या ताब्यात नसते, दिवसपाळीत असते. पण निकालाचा भार त्या फरकावर उभा नाही.

आता भिवंडीकडे वळू. मुंबईच्या गिरण्यांचा १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप लांबला, तसे कापडाचे काम मोठ्या प्रमाणात इथल्या मागांकडे सरकले. गिरणीत हजेरीपट होता, संघटना होती, कोर्टात जाण्याची वाट माहीत होती. इथे काम आले, पण या तिन्ही गोष्टी सोबत आल्या नाहीत. कारीगर उत्तर प्रदेशातून, बिहारमधून किंवा तेलंगणातून आलेला. पगार मीटरवर, दर पंधरवड्याने. जेवण बिसीत, पहिली उचल कारखान्यातून. एका छपराखाली चार नावांनी चार कारखाने, म्हणजे कामगारांची संख्या कुठल्याच कायद्याच्या आकड्याला शिवत नाही. स्थायी आदेशांचा कायदा हे त्याचे ठळक उदाहरण. गैरवर्तणूक कशाला म्हणायचे, चौकशी कशी करायची, निलंबनाच्या काळात पहिले नव्वद दिवस निम्मा आणि पुढे पाऊण निर्वाह भत्ता द्यायचा, हे सगळे त्यात होते. १९८४ च्या ग्लॅक्सो निकालाने तर सांगितले की स्थायी आदेशांच्या यादीत नसलेले वर्तन मालकाला मागाहून गैरवर्तणूक ठरवता येणार नाही. पण मूळ कायदा शंभर कामगारांपासून लागू होणारा, महाराष्ट्रात तो पन्नासपर्यंत खाली आणलेला. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली. आठ-दहा माणसांच्या लूमच्या कारखान्याला पन्नास काय आणि तीनशे काय, दोन्ही आकडे सारखेच दूरचे.

म्हणून स्थायी आदेश बाजूला ठेवून एक प्रकरण कल्पू. समजा, शांतीनगरमधल्या एका कारखान्यात सहा वर्षे काम करणारा कारीगर रात्रपाळीत सहा लूम सांभाळतो आहे. पहाटे त्याचा डोळा लागला. साध्या लूमवर ताण्याचा धागा तुटला तर लूम आपोआप थांबत नाही; कापड विणले जात राहते आणि त्यात दोष उतरत जातो. सकाळी दोन ताके डॅमेज निघाले. मेहत्याने हिशेब करून उचल कापली, डॅमेज कापले, उरलेले पैसे हातावर ठेवले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले.

चौकशी झाली नाही, म्हणून कारीगर जिंकला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. मोतीपूर साखर कारखान्याच्या १९६५ च्या निकालापासून हे पक्के आहे की चौकशी झालीच नसेल तरी मालक न्यायालयात पहिल्यांदाच पुरावा देऊन गैरवर्तणूक सिद्ध करू शकतो. मात्र तशी परवानगी त्याने वेळेत मागायला हवी आणि मग भार पूर्णपणे त्याच्यावर येतो. डॅमेज ताके कुठे आहेत? त्या रात्री त्या लूमवर हाच होता हे कशावरून? दोष झोपेचा की बीमचा? सूत खराब असेल तर जागा माणूससुद्धा तुटणारे धागे जोडत थकतो. बिनहजेरीपटाच्या कारखान्यात मालकालाही हे सिद्ध करणे सोपे नाही, कारण त्याने स्वतःच कागद ठेवलेला नाही.

तेव्हा अनुभवी मालक गैरवर्तणुकीचे नावच काढत नाही. तो म्हणतो, ‘मी काढले नाही, तो स्वतःच सोडून गेला.’ या उत्तराला कायद्यात उत्तर आहे. केमिकल्स अँड फायबर्सच्या १९७९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोकरी सोडणे म्हणजे कायमचे सोडून देण्याचा इरादा. नुसत्या गैरहजेरीवरून तो गृहीत धरता येत नाही. १९९३ मध्ये जे.एम.ए. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात कंपनीने आठ दिवसांहून जास्त गैरहजर म्हणून नाव आपोआप कमी केले होते, तर कामगार म्हणत होता की मला फाटकावरच अडवले. न्यायालय म्हणाले, स्थायी आदेशात तसे लिहिलेले असले तरी म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय माणसाची उपजीविका काढून घेता येणार नाही. त्याला निम्म्या मागील पगारासह परत घ्यायला सांगितले.

तरीही एक उत्तर उरते आणि ते सर्वांत जड आहे: ‘हा माझा कामगारच नव्हे.’ महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याला कामगारसंख्येची अट नाही, दहा माणसांच्या लूमलाही तो लागतो. पण २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मालक-कामगार हे नातेच वादात असेल तर या कायद्याखालची तक्रार चालत नाही. आधी ते नाते दुसऱ्या वाटेने सिद्ध करून या. मूळ वाद कंत्राटी कामगारांचा होता. पण परिणाम असा झाला की ज्याने हजेरीपट ठेवला नाही त्याच्याच हाती ढाल आली. जो कागद ठेवतो तो अडकतो, जो ठेवत नाही तो सुटतो. या निकालांमागचे तर्कशास्त्र समजते, पण भिवंडीच्या दृष्टीने मला ते कायद्यातले सर्वांत मोठे भगदाड वाटते. शहराभोवतीच्या गोदामांत हेच नव्या रूपात दिसते. तिथे माल उचलणारा माणूस एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे सरकत राहतो आणि एके दिवशी त्याचा आयडी बंद होतो.

दुसरी वाट २०२५ पर्यंत औद्योगिक विवाद कायद्याची होती. त्यातल्या कलम २-अ मुळे एकट्या कामगाराचा वादही औद्योगिक वाद ठरत असे, संघटना मागे असावी लागत नसे. २०१० च्या दुरुस्तीने तडजोड अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर ४५ दिवसांनी कामगाराला थेट न्यायालयात जाण्याची मुभा दिली. मुदत काढल्यापासून तीन वर्षांची होती. या वाटेवर नात्याचा पुरावा देता येत असे, आणि ११-अ ची मोकळीकही याच वाटेवर होती. आपल्या कारीगराने ही वाट धरली आणि झोप सिद्धही झाली, तरी सहा वर्षांत पहिल्यांदाच डोळा लागलेल्या माणसाला नोकरीऐवजी दुसरी काही शिक्षा देणे त्या न्यायाधीशाच्या हातात राहत असे. माझे मत विचाराल तर दोन ताक्यांच्या नुकसानीसाठी ती नोकरी जाऊ नये; बारा तासांची रात्रपाळी लावणाऱ्याने त्या पाळीतली पहिली डुलकी आपल्या खर्चात धरायला हवी.

पण परत कामावर जाण्यात कारीगराला रस तरी असतो का? बहुतेक वेळा तो दुसऱ्या आठवड्यात पुढच्या गल्लीत दुसऱ्या लूमवर उभा असतो. मागील पगाराबाबत २०१३ च्या क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालयाच्या निकालाने सांगितले की बेकायदा काढलेल्याला पूर्ण मागील वेतन हा सर्वसाधारण नियम. आपण बेकार होतो असे त्याने म्हणायचे, आणि तो कमावत होता हे मालकाने दाखवायचे. कारीगर कमावतच असतो, तेव्हा ती रक्कम आकसते. त्याच्या दृष्टीने खरा पैसा दुसरीकडे अडकलेला असतो: कापलेल्या डॅमेजमध्ये आणि ग्रॅच्युइटीत. दहा किंवा जास्त माणसे असतील आणि नोकरी पाच वर्षांची झाली असेल तर कायद्याने ग्रॅच्युइटी देणे लागते. निष्काळजीपणाने नुकसान केले म्हणून काढले असेल तर ती कापता येते, पण नुकसान झाले तेवढीच. दोन ताक्यांसाठी सहा वर्षांची ग्रॅच्युइटी गिळता येत नाही. सगळीच जप्त करायला दंगा, मारहाण किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा लागतो. झोप त्यात बसत नाही. इथे आणखी एक पेच मालकाच्या अंगावर येतो. ग्रॅच्युइटी कापायची तर ‘गैरवर्तणुकीसाठी काढले’ असे म्हणावे लागते. ‘तो स्वतः गेला’ आणि ‘नुकसानीबद्दल काढले’ ही दोन उत्तरे एकत्र देता येत नाहीत.

या सगळ्याला पुरावा लागतो आणि तो कारखान्याबाहेर सापडतो. बिसीच्या वहीत महिनोन्महिने त्याचे नाव असते, कधी कारखान्याच्या नावासह. ताक्यांच्या चिठ्ठ्या असतात. पंधरवड्याच्या पगारानंतर दुसऱ्या दिवशी गावी पाठवलेल्या पैशांच्या नोंदी असतात. शेजारच्या लूमवरचा माणूस असतो, तो अजून तिथेच कामाला नसेल तर. आणि तारीख असते. महाराष्ट्राच्या कायद्याखाली तक्रारीची मुदत नव्वद दिवसांची आहे आणि ती मोजायची ‘कल से मत आना’ या वाक्यापासून. ते वाक्य कोणत्या दिवशी, कोणासमोर उच्चारले गेले, हे त्याच आठवड्यात साध्या अर्जात लिहून कामगार अधिकाऱ्याकडे पोच घेऊन दिले, तर पुढे ‘तो स्वतः सोडून गेला’ म्हणणाऱ्याला त्या पोचेवरच्या शिक्क्याची तारीख ओलांडून जावे लागते.